‘चालला’ म्हणजे बरोबर नव्हे



“सर, प्रोग्राम चालला!” हे वाक्य आमच्या संगणक प्रयोगशाळेत रोज ऐकू येते. पण चाललेला प्रत्येक प्रोग्राम बरोबर असतोच असे नाही, आणि गुण देताना हा फरक केलाच पाहिजे, असे आमचे मत आहे.

एक उदाहरण घेऊ. ‘रक्कम’ नावाचा क्लास तयार केला, तर दोन रकमांमध्ये + हे चिन्ह आल्यावर काय करायचे, हे आपणच लिहितो. यालाच ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात. मुले रुपये-पैसे नीट मिळवतात, शंभर पैशांचा हातचाही घेतात, पण शेवटची रिटर्नची ओळ राहून जाते. बेरीज झाली, पण मागणाऱ्याच्या हाती पडली नाही.

पायथॉन अशा वेळी तक्रार न करता ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’, परत देतो. += लिहिताना रिटर्न राहिला, तर आतापर्यंत जमलेली रक्कमच हातची जाते आणि तिच्या जागी नन येऊन बसतो. == लिहिताना राहिला, तर आणखी वाईट. अटीमध्ये नन खोटा मानला जातो, म्हणून दोन सारख्या रकमाही वेगळ्या ठरतात आणि पडद्यावर एकही सूचना येत नाही.

सी प्लस प्लसमध्ये असा प्रोग्राम बहुधा वॉर्निंग देऊन कंपाइल होतो. पुढे काय घडेल याची मात्र ती भाषा हमी देत नाही. आज उत्तर बरोबर येईल, उद्या दुसऱ्या संगणकावर प्रोग्राम बंद पडेल. ‘मेन’ फंक्शनमध्ये रिटर्न नसला तर शून्य धरले जाते, पण ही सूट एकट्या मेनला आहे. जावाचा कंपायलर असे फंक्शन स्वीकारतच नाही. इतरत्र ती शिस्त आपण पाळायची.

एका ओळीसाठी गुण कापणे कठोर आहे, असे काहींना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही, कारण ती ओळ म्हणजेच उत्तर आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी वॉर्निंगला चूकच समजावे. तीन रकमा एकाच ओळीत मिळवून पाहाव्यात, दोन सारख्या रकमांची तुलना करून पाहावी. शिक्षकांनीही तेवढे तपासूनच गुण द्यावेत.

पालकांना एवढीच विनंती, की घरी “चालला का?” असे न विचारता “उत्तर काय आले?” असे विचारावे.