पेन नको, पेन्सिल घ्या

उन्हाळ्याच्या सुट्टीत रायपूरला घरी गेलो की सकाळचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. नागपूरचे मराठी वर्तमानपत्र आले की आजोबा आधी शब्दकोड्याचे पान काढतात. आमच्या गल्लीत, बाजारात, मित्रांत सगळीकडे हिंदी आणि छत्तीसगढी. त्यामुळे माझी निम्मी मराठी या चौकोनांतूनच आली आहे.

यंदा आडव्या शब्दांत एक सूचना होती : ‘पुढे चला, मागे फिरा, फौज तीच’. अक्षरे तीन. रोज परेड करणाऱ्या कॅडेटला हे काय अवघड? मी पेनने ‘लष्कर’ लिहून टाकले.

मग अडले. पहिल्या चौकोनातून खाली जाणारा शब्द होता ‘चिखलात उगवणारे फूल’. कमळ! पण माझ्याकडे सुरुवातीला ‘ल’. मी ‘ल’ने सुरू होणारे फूल शोधत बसलो. तिसऱ्या चौकोनातून खाली ‘पोळीसाठी मळतात’. कणीक, पण तिथे ‘र’. शेवटी मी जाहीर केले, ‘‘आजोबा, कोडं चुकीचं छापलंय.’’

आजोबा म्हणाले, ‘‘अरे, दोन साक्षीदार एकच सांगताहेत आणि तू त्यांनाच खोटं ठरवतोस?’’

पहिला ‘क’, शेवटचा ‘क’. तेव्हा उजेड पडला. ती परेडची आज्ञा नव्हतीच. शब्द उलटा वाचला तरी तोच राहतो, एवढेच सांगायचे होते. कटक! जुन्या मराठीत कटक म्हणजे फौज, छावणी. ओडिशातल्या कटक शहराचे नावही त्याच शब्दावरून आले. रायपूरप्रमाणे तेही नागपूरकर भोसल्यांकडे होते; १८०३ च्या देवगावच्या तहाने इंग्रजांकडे गेले.

मला शब्द माहीत नव्हता, याचे फार वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते याचे, की पुरावा समोर असताना मी माझे उत्तर सोडून बाकी सगळ्यावर शंका घेतली. नकाशावाचनाच्या सरावातही मी हेच केले होते. ओढा आणि देऊळ दोन्ही नकाशाशी जुळत नव्हते, तरी ‘हीच ती टेकडी’ म्हणत मी सेक्शनला अर्धा तास चुकीच्या वाटेने चालवले.

जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने वाचकांना बोलावून १२ मिनिटांत शब्दकोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली. सर्वांत आधी संपवणाऱ्याचा एक शब्द चुकला आणि तो बाद झाला. पुढे स्पर्धकांपैकी काहींना ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामासाठी विचारणा झाली. तिथे जर्मन एनिग्मा यंत्राचा एक दोष उपयोगी पडे : ते कोणतेही अक्षर त्याच अक्षरात बदलत नसे. संदेशात अमुक शब्द असावा असा अंदाज करून तो गुप्त मजकुराखाली धरत. एक जरी अक्षर वरच्या अक्षराशी जुळले, तर तो अंदाज त्या जागी चुकीचा. मग हट्ट न करता पुढे सरकायचे.

आपल्याला झटपट निर्णय घ्यायला शिकवतात, ते योग्यच आहे. रणांगणावर कोणी थांबत नाही. पण माझे मत असे, की निर्णय जितका झटपट, तितकी तो खोडण्याची तयारी जास्त हवी. खोडणे म्हणजे कच खाणे नव्हे. कच खाणारा पुरावा नसताना मागे फिरतो; शहाणा पुरावा दिसला म्हणून फिरतो. आणि अडल्याबरोबर मोबाइलवर उत्तर बघणाऱ्याला हा फरक कधी कळतच नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या वाचनालयाच्या फलकावर दर रविवारी एक मराठी शब्दकोडे लावावे. खाली दोरीने पेन्सिल बांधावी आणि शेजारी खोडरबर ठेवावे. पालकांनीही सुट्टीत मुलांबरोबर एखादे सोडवून पाहावे. उत्तर मात्र लगेच सांगू नये. माझ्या आजोबांनी सांगितले नाही, म्हणून तो शब्द माझा झाला.