कवचकुंडले आणि हेल्मेट

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने पैसे साठवून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथे ‘ट्रॅक डे’ला हजेरी लावली. ही शर्यत नव्हे. शुल्क भरावे आणि बंदिस्त ट्रॅकवर आपली मोटारसायकल मनसोक्त पळवावी, एवढाच तो प्रकार. परतल्यावर कामठीत आम्हांला भेटला तेव्हा वेगापेक्षा पोशाखाविषयीच तो अधिक बोलला. अखंड चामडी सूट, पाठीचे कवच, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्यांवर चढणारे बूट, हनुवटीसकट डोके झाकणारे हेल्मेट. यांतले काही कमी असेल तर ट्रॅकवर प्रवेश नाही. आम्ही कौतुकाने ऐकले. मग त्याने गाडी सुरू केली, हेल्मेट कोपरात अडकवले आणि उघड्या डोक्याने नागपूरचा रस्ता धरला. हटकले तर म्हणाला, “इथं तर जायचं आहे, सर!”

ट्रॅकवर सर्व वाहने एकाच दिशेने धावतात. ट्रक नसतो, दुभाजक नसतो, रुग्णवाहिका सज्ज असते. कामठी मार्गावर यांतले काय आहे? तरीही चिलखत तिथे आणि उघडे डोके इथे, ही विसंगती केवळ त्याची नव्हे. तिच्या मुळाशी शौर्याविषयीची आपली एक कल्पना आहे, आणि ती रुजवण्यात आम्हां साहित्याच्या अध्यापकांचाही वाटा आहे, असे आमचे मत आहे.

कवचकुंडले उतरवून देणारा कर्ण आम्ही वर्षानुवर्षे गहिवरून शिकवला. पण कर्णाने कवच दिले ते दान म्हणून, परिणाम जाणून. आमचा विद्यार्थी ते कोणाला देतो? केस विस्कटू नयेत म्हणून केलेल्या त्यागाला दान म्हणत नाहीत. उलट, १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला निघालेल्या शिवरायांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोईला टोप घातल्याचे बखरी सांगतात. त्यांना भित्रे म्हणण्याची कोणाची छाती आहे? धोका ओळखणे हा शौर्याचाच भाग आहे, हे त्या प्रसंगातून आम्ही कधी शिकवले नाही.

इंग्रजी साहित्यातील एक मृत्यू इथे आठवतो. ‘सेव्हन पिलर्स ऑफ विस्डम’चा लेखक टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांतील मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला. तो १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. कामठी ही १८२१ पासूनची छावणी. शिरस्त्राणाला शिस्त मानणारे लोक आमचे शेजारी आहेत. आपण मात्र त्याला पोलिसांचा जाच समजतो.

हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा एक थर असतो. आघात होताच तो स्वतः चेपतो आणि डोक्यापर्यंत पोहोचणारा धक्का सौम्य करतो. म्हणूनच एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. पट्टा न बांधलेले हेल्मेट तर पडण्याच्या क्षणीच निघून जाते. कवच अमरत्व देत नाही, हेही खरे. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्याच ट्रॅकवर शर्यतीत तेरा वर्षांचा एक स्पर्धक दगावला. पण ढाल फुटू शकते म्हणून कोणी ढालीविना रणात उतरत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक बाक याच रस्त्याने रिकामे केले. शोकसभेत आम्ही नियतीवर बोललो; हेल्मेटचा उल्लेख औचित्याला सोडून होईल, असे वाटले. आज वाटते, औचित्यभंग त्या मौनातच होता. आणि त्या सभेहून घरी परतताना आमच्यापैकी दोघांची हेल्मेटे स्कूटरच्या डिकीत होती.

यंदा कर्ण शिकवू, तेव्हा प्रतापगडही शिकवू. त्याआधी मात्र महाविद्यालयाच्या फाटकातून आम्ही स्वतः पट्टा बांधून आत येऊ. विद्यार्थी आमची व्याख्याने विसरतात. आम्ही कसे येतो-जातो, ते विसरत नाहीत.