तेरीजपत्रकातील फरक

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर येथील व्यापारी घरांत सायंकाळी एक दृश्य सर्रास आढळते. मुलाच्या वहीतील अडलेले उदाहरण काका सोडवून देतात, शाळेचा प्रकल्प आई पूर्ण करते, उरलेले शिकवणीचे सर पाहतात. गुणही उत्तम मिळतात. पुढे सी.ए.च्या अभ्यासासाठी मुलगा पुण्यास जातो. पहिल्याच अवघड प्रश्नाला तो घरी फोन लावतो, आणि तेव्हा घरात कोणापाशीच उत्तर नसते.

जुन्या पेढ्यांची रीत याच्या उलट होती. नव्या उमेदवाराने कीर्द-खतावणी लिहावी, तेरीज मांडावी आणि जमा-नावे जुळले नाही तर चूक त्यानेच शोधावी. जाणता मुनीम चुकीच्या नोंदीवर बोट ठेवीत नसे. फरकाला नऊने भाग जातो का, एवढेच विचारी. खतावणीत ८,६४० ऐवजी ८,४६० उतरले, तर फरक १८० येतो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकास नऊने भाग जातोच. ३५० ची रक्कम नावेऐवजी जमेस पडली, तर फरक दुप्पट, म्हणजे ७०० दिसतो. मग निम्म्या रकमेची नोंद धुंडाळावयाची. युक्ती मुनिमाची, शोध उमेदवाराचा. त्यात रात्र होई, हे खरे. पण संगणकाने आता तेवढीही संधी ठेवलेली नाही.

शिक्षणात हीच दृष्टी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी आणली. कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे नांगरही विकले. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. स्वावलंबी शिक्षण हेच तिचे ब्रीद. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, कष्ट करून शिकत. या मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. अन्न आणि आसरा देण्यात त्या घराने हात आखडला नाही. मुलांच्या वाट्याचे श्रम मात्र मुलांपाशीच राहू दिले.

म्हणून मदत बंद करणे हा उपाय नव्हे. अक्षरेच नीट न दिसणाऱ्या मुलास उपदेश नको, चष्मा हवा. इतरांच्या बाबतीत 'कुठपर्यंत आलास?' असे विचारून थांबावे. प्रारंभी गुण घसरतील, आणि शेजारच्या मुलाशी तुलना करणाऱ्या घरांना तेच सोसवत नाही. त्यामुळे हा प्रयोग दहावीच्या वर्षी आरंभू नये, पाचवी-सहावीत आरंभावा. सुटीत एका दिवसाचा रोजमेळ मुलाकडे द्यावा, मुलीकडेही द्यावा. शिल्लक चाळीस रुपयांनी कमी भरली, तर गल्ला पुन्हा तिलाच मोजू द्यावा, आणि तोवर दुकानाचे दार ओढून घेण्याची घाई करू नये.