द्राक्षाची तपासणी होते, फवारणाऱ्याची का नाही?

दरवर्षी ७ जूनला जागतिक अन्न सुरक्षा दिन साजरा होतो. भाषणे होतात. भाज्या धुऊन घ्या, अन्न झाकून ठेवा असे सांगितले जाते. यात चूक काही नाही. दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण या भाषणांत एक माणूस कधीच नसतो. भाजीवरचे जे विष आपण धुतो, ते आधी ज्याच्या अंगावर पडले तो माणूस.

आपला अहिल्यानगर जिल्हा घ्या. राहात्याचा पेरू, संगमनेरचे डाळिंब, श्रीगोंद्याचे लिंबू, पारनेरचा कांदा. बागेत पाठीवर पंप घेऊन जो उतरतो तो म्हणतो, "औषध मारायला चाललोय." विषालाच औषध म्हणायची सवय झाली की तोंडाला बांधलेला पंचाही पुरेसा वाटू लागतो.

आता व्यवस्था कोणाला जपते ते पाहा. निर्यातीच्या द्राक्षबागेची नोंद होते, प्लॉटला क्रमांक मिळतो, प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय माल परदेशी जात नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून युरोपने महाराष्ट्रातली द्राक्षे नाकारली, तेव्हा केवढी धावपळ झाली! आणि २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. द्राक्षाला क्रमांक आहे. या मजुरांची नोंद कोणत्या वहीत होती?

कायदा नाही असेही नाही. कीटकनाशक नियम १९७१ मधला नियम ३७ सांगतो की फवारणी करणाऱ्याची कामावर घेण्याआधी आणि नंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. संरक्षक कपड्यांचेही नियम आहेत. पन्नास वर्षे उलटली. तुमच्या वस्तीतल्या फवारणी करणाऱ्याला विचारा, तुझे रक्त कधी कोणी तपासले का? रोजंदारीवरच्या माणसाचा मालक आज एक, उद्या दुसरा. म्हणून जबाबदारी कोणाचीच नाही.

हा प्रश्न जातीचाही आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या अनुसूचित जातींच्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याच्या जवळपास लोक शेतमजूर होते. जमीन नाही म्हणून दुसऱ्याच्या बागेत विष मारायचे. या देशात अन्नाची शुद्धता शतकानुशतके त्याला कोणी शिवले यावर ठरली. आमच्या हाताचा विटाळ झाला. आमच्या फुप्फुसात गेलेल्या विषाचा मात्र कोणाला विटाळ झाला नाही.

कोणी म्हणेल, फवारणी थांबली तर जग काय खाईल? फवारणी उद्याच बंद करा असे आम्ही म्हणत नाही. दोन-तीन एकरवाला शेतकरी स्वतःच पंप पाठीवर घेतो, तोही याच विषाचा बळी आहे. त्याच्याशी आपले भांडण नाही. पण पिकवणाऱ्याचे शरीर झिजवून उभे राहिलेले उत्पादन टिकाऊ कसे म्हणायचे? आणि दुसरी वाट दाखवणारेही याच जिल्ह्यात आहेत. अकोल्यातल्या कोंभाळण्याच्या आदिवासी शेतकरी राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, देशाने त्यांना पद्मश्री दिली. सत्काराला गर्दी होते, मग गावोगाव अशा बँका का नाहीत?

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये कोळसा खाणीतल्या मजुरांसाठी कल्याण निधी उभा राहिला. पैसा आला कोळशावरच्या उपकरातून. ज्या मालासाठी मजूर झिजतो, त्याच मालाने त्याच्या आरोग्याचा खर्च उचलायचा, हे तत्त्व सरळ आहे. मग कीटकनाशकाच्या विक्रीवर उपकर लावून फवारणी करणाऱ्यांचा आरोग्य निधी का उभा राहू नये?

तरुण मित्रांनो, जयंतीची मिरवणूक आपण जोरात काढतो. या खरिपाआधी आणखी एक काम करू. नियम ३७ प्रमाणे गेल्या तीन वर्षांत आपल्या तालुक्यात किती जणांची तपासणी झाली, याची माहिती कृषी आणि आरोग्य या दोन्ही विभागांकडे माहिती अधिकारात मागू. प्राथमिक आरोग्य केंद्रात विषबाधेवरचे ॲट्रोपिन आहे का, ते जाऊन पाहू. फवारणी करणाऱ्यांची यादी ग्रामसभेत ठेवू आणि ठराव घेऊ.

द्राक्षाला क्रमांक मिळू शकतो, तर आपल्या माणसाला आरोग्य कार्ड का मिळू नये? ताटातले अन्न सुरक्षित हवे असेल, तर सुरुवात शेतातल्या माणसापासून करावी लागेल.

जय भीम!