वाटेचेही माप खरे सांगा : मॉरिशसच्या डोंगरवाटांचा हिशेब

मॉरिशसचे नाव निघाले की आमच्या व्यापारी मंडळींना दोनच गोष्टी आठवतात. एक निळा समुद्र आणि दुसरी तयार कपड्यांचे कारखाने. पण या बेटाच्या पोटात तिसराही माल आहे. तो म्हणजे हिरव्यागार डोंगरांतून आणि जंगलांतून जाणाऱ्या पायवाटा. व्यापाराच्या पानावर पायवाटांचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे एवढेच की जिथे गिऱ्हाईक खिशातले पैसे काढून येते तिथे माल आहे, आणि जिथे माल आहे तिथे त्याचे माप खरे सांगण्याची जिम्मेदारी आहे. 'लहानथोर सर्वांसाठी वाटा' असे जाहिरातीत छापणे सोपे असते. ते खरे करून दाखवणे हा इमानदारीचा मामला आहे.

आधी या बेटाचा धंदा समजून घेऊ. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा होते, तिच्या साधारण तिप्पट हे बेट. पहिले पोट भरले उसाने. १८३४ पासून भारतातून गिरमिटे मजूर तिथे गेले, त्यांत आपल्या कोकणातले मराठी लोकही होते. गुजरात-कच्छचे मेमन आणि सुरती व्यापारी गेले, आणि पोर्ट लुईची जुम्मा मस्जिद त्या व्यापाऱ्यांची आठवण म्हणून आजही उभी आहे. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा तिथल्या शाळांतून शिकवल्या जातात. १९७० साली निर्यात कारखान्यांचा कायदा झाला, हाँगकाँगचे भांडवल आले आणि शिलाईचा धंदा फोफावला. २००५ च्या जानेवारीपासून जगातला कपड्यांचा कोटा उठला आणि त्या धंद्याला मोठा धक्का बसला. तेव्हा पर्यटनावर भार वाढला. २०१८ साली सुमारे १४ लाख पाहुणे आले, म्हणजे बेटाच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त.

पण हे पर्यटन बहुतांशी किनाऱ्यावर बसलेले आहे. २०२० साली कोरोनाने सरहद्दी बंद झाल्या. त्याच वर्षी जुलैत 'वाकाशिओ' नावाचे मोठे जहाज प्रवाळाच्या खडकावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्याचे तेल माहेबुर्गच्या बाजूच्या स्वच्छ पाण्यात पसरले. एकाच मालावर दुकान चालवणाऱ्याचे काय होते, हे आम्हा कापडवाल्यांना कोणी शिकवायला नको. समुद्राला दुखणे लागले तर जमिनीने पाहुणा सांभाळला पाहिजे. त्या जमिनीवर दाखवण्यासारखे पुष्कळ आहे.

नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९९४ साली ते जाहीर झाले आणि सुमारे साडेसहा हजार हेक्टरांवर पसरलेले आहे. बेटाचे सर्वांत उंच शिखर तिथेच आहे, ८२८ मीटर. म्हणजे आपल्या माथेरानइतकीच उंची. पोर्ट लुईजवळ 'ल पूस' म्हणजे 'अंगठा' नावाचा ८१२ मीटरचा डोंगर आहे. १८३६ साली चार्ल्स डार्विन त्याच्यावर चढला होता. टोकाला समुद्रालगत ल मॉर्नचा ५५६ मीटरचा कडा आहे. मालकांच्या जुलमातून पळालेले गुलाम तिथे लपून राहत. २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. विषारी साप या बेटावर नाहीत, ही घरच्या बायकामुलांना दिलासा देणारी गोष्ट.

चालायला अगदी सोप्या जागाही आहेत. क्युरपीप गावात त्रू ओ सेर्फ नावाचे जुन्या ज्वालामुखीचे तोंड आहे. त्याच्या कडेने गोल डांबरी रस्ता आहे आणि गावचे लोक सकाळी तिथे फेऱ्या मारतात. पांपलमूसच्या बागेत रुंद, सपाट रस्त्यांनी जाऊन थाळीएवढ्या नव्हे, परातीपेक्षा मोठ्या पानांची कमळे पाहता येतात. माहेबुर्गसमोरच्या इल ओ झेग्रेत या २६ हेक्टरांच्या छोट्या बेटावर वाटाड्याबरोबर सावकाश चालत गुलाबी पारवे आणि मोठी कासवे दिसतात.

मग तक्रार कसली? तक्रार मापाची आहे. फिरायला नेणाऱ्यांच्या पत्रकात वाटेबद्दल एकच शब्द असतो : सोपी, मध्यम किंवा अवघड. आम्ही गिऱ्हाइकाला कापड दाखवताना नुसते 'चांगले आहे' म्हणून चालत नाही. लांबी किती, पन्हा किती, सूत कोणते, धुतल्यावर आटेल का, रंग जाईल का, हे सांगावे लागते. वाटेचेही तसेच आहे. एकूण लांबी किती, चढ किती, पायाखाली डांबर आहे की चिखल की मुळ्या, रुंदी एका माणसाची की चाकाची खुर्ची जाईल एवढी, मध्ये बसायला जागा आहे का, शौचालय कुठे आहे, आणि पाऊस पडून गेल्यावर तीच वाट कशी होते? एवढे कळल्याशिवाय 'सोपी' या शब्दाला किंमत नाही.

त्या सर्वांत उंच शिखराचेच उदाहरण घ्या. जाऊन-येऊन वाट सुमारे सहा किलोमीटर. सुरुवात उंचावरच्या रस्त्यावरून होते, म्हणून बराच भाग आरामाचा आहे. शेवटचा तुकडा मात्र खडा आहे, हात टेकून चढावा लागतो. दोन्हींची सरासरी काढून 'मध्यम' लिहिले की झाले. हे म्हणजे थानाचा वरचा पट दाखवून आतला डाग घडीत लपवण्यासारखे आहे. साठीच्या माणसाचे गुडघे सरासरीवर चालत नाहीत.

आमच्याच बाजारातल्या एका घरची मंडळी तिथे गेली होती. टूरवाल्याने 'फिरण्यासारखी सोपी वाट' म्हणून सांगितले होते. वाट अर्ध्यापर्यंत खरोखर सोपी होती. पुढे उतार सुरू झाला तेव्हा आजीला परतायचे कुठून, हे सांगणारे कोणी नव्हते. सारे जण परत फिरले, आणि नंतरचे दोन दिवस ती मंडळी हॉटेलातून बाहेर पडली नाहीत. नुकसान कोणाचे झाले? टॅक्सीवाल्याचे, वाटाड्याचे, रस्त्यावर मीठ-मिरची लावून अननस विकणाऱ्याचे आणि ढोल पुरीच्या गाडीचे.

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याला हे लगेच समजेल. लग्नाचा बस्ता बांधायला सगळे घर येते. खर्च करणारा एक असतो, पण आजीला बसायला गादी मिळाली नाही, तिचे मन लागले नाही, तर अख्खा बस्ता शेजारच्या दुकानात जातो. डोंगरवाटेचा धंदाही घराचा धंदा आहे. एका म्हाताऱ्याला, एका अपंगाला किंवा एका लेकुरवाळीला वगळले की एक गिऱ्हाईक जात नाही, पाच जातात.

यावर कोणी म्हणेल, मग काय शिखरापर्यंत सिमेंट ओतायचे? मुळीच नाही. या बेटावरचे अस्सल मूळ जंगल दोन टक्केही उरलेले नाही. बाहेरून आणलेल्या झाडांनी, त्यांत ज्याची लाल फळे लोक आवडीने खातात त्या चिनी पेरूनेही, त्याला वेढले आहे. मॉरिशसचा ससाणा १९७४ साली रानात अवघे चार पक्षी उरण्यापर्यंत आला होता. मोठ्या मेहनतीने तो वाचवला. असे जंगल रस्त्यासाठी तोडणे म्हणजे भांडवल खाऊन नफा दाखवणे होय. आणि ल मॉर्नचा कडा तर गुलामांच्या दुःखाची जागा आहे. तिथे पाळणा टांगून गर्दी चढवणे शोभणार नाही. अवघड वाटा अवघडच राहू द्याव्यात.

तोडगा साधा आहे. गिऱ्हाइकाला अख्खे थान घ्यावे लागत नाही, लागेल तेवढे मीटर घेता येते. वाटेचेही मीटर पाडा. उद्यानातली मकाबेची वाट पाहा. पेट्रिनच्या बाजूने जंगलातला रुंद, जवळजवळ सपाट रस्ता दरीच्या देखाव्यापर्यंत जातो. तिथून खाली ब्लॅक रिव्हरकडे उतरणारा भाग मात्र तरुण गुडघ्यांचा आहे. ल मॉर्नवरही खालचा रुंद रस्ता एका देखाव्यापर्यंत जातो आणि खडकाची चढाई त्यानंतर लागते. म्हणजे बहुतेक वाटेत सर्वांना झेपेल असा एक तुकडा असतोच. तो कुठे संपतो तिथे ठळक पाटी हवी, बसायला बाक हवा, आणि 'इथून परत फिरलात तरी देखावा पुरा पाहिलात' असे सांगणारा माणूस हवा. याला जंगल तोडावे लागत नाही. फक्त माप घेणारा आणि ते खरे लिहिणारा हवा.

आमच्या वाचकांपैकी काही जण टूरचा धंदा करतात, काही जण कामानिमित्त किंवा मुलाबाळांसह मॉरिशसला जातात. त्यांच्यासाठी चार गोष्टी. पैसे भरण्याआधी वाटेची लांबी आणि चढ लेखी मागा. परतीची गाडी कुठून मिळेल ते विचारा, कारण मकाबेसारखी वाट एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्याच टोकाला संपते. मोसम पाहा. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी असते तेव्हा तिथे थंड आणि कोरडा काळ सुरू होतो, आणि जानेवारी ते मार्च पाऊस-वादळांचे दिवस असतात. शिवाय जून-जुलैत सूर्य सहाच्या आत मावळतो, तेव्हा दुपारी उशिरा जंगलात शिरू नका. टूरवाल्या बांधवांनी हीच माहिती गिऱ्हाइकाने विचारण्याआधी द्यावी. एखादी सहल हातची जाईल, पण पत बसेल, आणि पत बसली की त्याच घरची दुसरी सहल आपल्याकडेच येते.

मॉरिशसने उसात आणि कापडात चढउतार पाहिले. डोंगर मात्र कोटा उठल्याने किंवा भाव पडल्याने कुठे जाणार नाहीत. त्यांच्यावरची कमाई टिकायची असेल तर ज्याला दहा किलोमीटर झेपतात त्याला दहा द्या, ज्याला अर्धाच झेपतो त्याला अर्धा द्या, आणि दोघांनाही माप पुरे भरून द्या.