वसंतातील शीतजल आणि खान्देशची मुले

जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात रशियातील वेलिकी नोवगोरोद या प्राचीन नगरापाशी वोल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडाले, आणि त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातील, अमळनेर व भडगाव या भागांतील मुले होती. किनाऱ्यापासून थोडी आत गेलेली एक विद्यार्थिनी संकटात सापडली, तिला वाचवण्यासाठी सोबतचे विद्यार्थी धावले, आणि पाचांपैकी एकच जीव हाती लागला, असा त्या वेळचा वृत्तांत आहे. त्यानंतर मॉस्को येथील भारतीय वकिलातीने विद्यार्थ्यांसाठी जो इशारा प्रसिद्ध केला त्यात रशियात भारतीय विद्यार्थी बुडण्याच्या २०२२ मध्ये सहा आणि २०२३ मध्ये दोन घटना घडल्याची नोंद होती. म्हणजे वोल्खोवची ही दुर्घटना एकाकी नव्हती. नशिबाचा घाला म्हणून ती विसरून जाणे हा, माझ्या मते, गेलेल्या मुलांवरचा आणि पुढे जाणाऱ्या मुलांवरचाही अन्याय आहे.

त्या एका दिवशी नेमके काय घडले याचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु ज्या पाण्याकाठी आपली मुले शिकायला जातात त्या पाण्याचा स्वभाव त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना ठाऊक असला पाहिजे, आणि तो आज ठाऊक नसतो, एवढे मात्र निःसंदिग्धपणे म्हणता येते.

आपल्याकडे ऊन आणि पाणी यांचे नाते सरळ असते. चैत्र-वैशाखात भडगाव-पाचोऱ्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, कोरड्या पडलेल्या गिरणा नदीत धरणाचे उन्हाळी आवर्तन सुटते, पोरे डोहात उड्या घेतात, आणि ते पाणी अंगाला सुखच देते. वाळूच्या बेसुमार उपशाने पात्रात पडलेले खड्डे त्याच आवर्तनाच्या पाण्याखाली दडून दरसाल घात करतात, हा स्वतंत्र आणि तितकाच संतापजनक विषय आहे. पण आपल्या नदीत थंडीने कोणाचे हातपाय गळाले असे सहसा होत नाही. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्या खान्देशी मुलाच्या मनात म्हणून एक समज पक्का बसतो की बाहेर कडक ऊन असले म्हणजे पाणी निर्धोक असते, आणि ज्याला पोहता येते त्याला शांत दिसणाऱ्या पाण्याचे भय नाही.

उत्तरेकडील देशांत हा समज प्राणघातक ठरतो. वोल्खोव नदी इल्मेन सरोवरातून निघते, दोनशे चोवीस किलोमीटर वाहून लादोगा या विशाल सरोवराला मिळते, आणि नोव्हेंबरअखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ती गोठलेली असते. बर्फ वितळते त्या वेळी सरोवराचे पाणी तळापासून पृष्ठभागापर्यंत चार अंश सेल्सिअसच्या आसपास असते, कारण त्याच तापमानाला पाणी सर्वांत जड होऊन खाली बसते आणि सारा जलाशय ढवळून निघतो. पुढे मे महिन्यात हवा वीस-पंचवीस अंशांपर्यंत तापते, माणसे उघड्या अंगाने किनाऱ्यावर पहुडतात, परंतु पाण्याची उष्णता ग्रहण करण्याची गती इतकी संथ असते की खोल आणि मोठ्या सरोवरांत वरचा एक पातळ थर तेवढा कोमट होतो व त्याच्याखाली हिवाळा तसाच राहतो. वाऱ्याने तो वरचा थर एका काठाला लोटला म्हणजे दुसऱ्या काठाशी खालचे गार पाणी वर येते. काल ज्या जागी सुखाने स्नान झाले त्याच जागी आज शरीराला धक्का बसतो.

पाणी पंधरा अंशांच्या खाली असेल आणि मनुष्य त्यात एकदम उतरला तर पहिल्याच क्षणी त्याचा श्वास अनिच्छेने आत खेचला जातो. तोंड त्या वेळी पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसांत शिरते. पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब झपाट्याने वाढतात, निरोगी तरुणही भांबावतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी या विषयाचे आयुष्यभर संशोधन करून एक साधे सूत्र लोकांपुढे ठेवले: श्वास ताब्यात आणण्यासाठी एक मिनिट, हातपाय उपयोगी पडतील अशी दहा मिनिटे, आणि थंडीने शुद्ध हरपण्यापूर्वी साधारण एक तास. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातील उष्णता काढून घेते, शरीर ती उष्णता हृदयाभोवती राखण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा आखडते, आणि मग स्नायू आज्ञा पाळेनासे होतात. थंड पाण्यात बुडणाऱ्यांतील कित्येक जण गारठून नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, श्वास बिघडल्याने किंवा हात न चालल्याने जातात, आणि त्यांत उत्तम पोहणारेही असतात.

या संदर्भात मला एका गोष्टीचे विशेष भय वाटते. रशियातील शैक्षणिक वर्ष सप्टेंबरात सुरू होते. खान्देशातून गेलेले मूल प्रथम तेथील हिवाळ्याला सामोरे जाते. त्या हिवाळ्याची धास्ती घरच्यांनी घेतलेली असते, लोकरीच्या कपड्यांची तजवीज केलेली असते, आणि ते मूल उणे वीस अंशांतून सुखरूप बाहेर पडते. नंतर दिवस लांबतात, सूर्य रात्री उशिरापर्यंत मावळत नाही, परीक्षा संपत येतात, साऱ्या गावाचे पाय नदीकडे वळतात. आपण सर्वांत कठीण ऋतू जिंकला, आता कशाची भीती, असे अठरा-वीस वर्षांच्या जिवाला वाटणे अत्यंत स्वाभाविक आहे. त्याच्या परदेशातील पहिल्या वर्षातला खरा धोक्याचा काळ असा वसंतात येतो, आणि त्याविषयी त्याला कोणी एक अक्षरही सांगितलेले नसते.

मित्र बुडताना पाहून त्याच्यामागे उडी घेणे हा धर्म आपण मुलांना शिकवतो, आणि त्याबद्दल मला खंत नाही. मात्र काठावरून दोर, साडी, फांदी, जे हाती येईल ते फेकावे, हे आपल्या जुन्या माणसांना माहीत असलेले शहाणपण मुलांना शिकवायचे राहून गेले आहे. रशियात, युरोपात आणि आता आपल्याकडेही ११२ हा एकच क्रमांक फिरवला की मदत मागता येते. पाण्यात पडलेल्याने पोहण्याची धडपड न करता प्रथम पाठीवर तरंगत राहावे, श्वास सावरू द्यावा, आणि मग काठाकडे वळावे. ब्रिटनमधील जीवरक्षक संस्था आज हेच शिकवते. हॉलंडमध्ये पोहण्याच्या प्रमाणपत्रासाठी लहान मुलांना अंगावरच्या कपड्यांनिशी पोहण्याची परीक्षा द्यावी लागते, कारण माणूस पाण्यात पडतो तेव्हा पोहण्याच्या पोशाखात नसतो.

जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथून दरवर्षी कितीतरी मुले वैद्यकीय शिक्षणासाठी रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, जॉर्जिया येथे रवाना होतात. त्यांचे पारपत्र, व्हिसा, शुल्काचे हप्ते, बँकेचे कर्ज यांची कागदोपत्री तयारी महिनोन्‌महिने चालते. प्रवेश मिळवून देणारे मध्यस्थ त्यासाठी घसघशीत मोबदला घेतात. त्या मोबदल्यात पाण्याविषयीचा एक तासाचा पाठ देणे त्यांच्यावर बंधनकारक असावे, आणि जिल्हाधिकारी कचेरीने त्याची दखल घेऊन तसा लेखी हवाला मागावा, ही मागणी मुळीच अवाजवी नाही. त्यासाठी स्वतंत्र खात्याची गरज नाही, की मोठ्या तरतुदीचीही नाही.

तोवर पालकांनी वाट पाहत बसू नये. येत्या सप्टेंबरात ज्यांचे मूल परदेशी जाणार आहे त्यांनी या उन्हाळ्यातच त्याला पाठीवर तरंगायला शिकवावे, आणि मे-जूनमध्ये तेथील नदी वा सरोवरात पाऊल घालण्यापूर्वी पाण्याचे तापमान विचारण्याची, जीवरक्षक नसलेल्या जागी मुळीच न उतरण्याची शपथ त्याच्याकडून घ्यावी.