बीज तपासल्याशिवाय तलावात नको

पूर्व विदर्भातल्या तलावांत झिंगा वाढवा, धानाच्या दुप्पट पैसा मिळवा, असा सूर आता वरचेवर कानी पडतो. त्याला सरकारी धोरणाचे बळही आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना प्रकल्पखर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवले गेले. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीपासून थेट नवेगावबांधपर्यंत ज्याच्या शेतात बोडी म्हणजे छोटे तळे आहे, ज्या ढीवर मच्छीमारांच्या संस्थेकडे तलावाचा ठेका आहे, त्याला हा धंदा खुणावणारच. खुणावू द्यावा. पण बीज कुठून येते, ते निरोगी असल्याचे कोण सांगते आणि रोग उतरल्यावर कोणाचे काय जाते, याचा विचार होत नसेल तर गोंदिया जिल्हा एका मोठ्या संकटाला घरात बोलावतो आहे.

गोड्या पाण्यात वाढणाऱ्या मोठ्या झिंग्याचा जन्म गोड्या पाण्यात होत नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सुरुवातीचे काही आठवडे मचूळ पाणी लागते, नाहीतर ते मरते. म्हणूनच गोदावरी खोऱ्यातला झिंगा अंडी घेऊन खाडीकडे उतरायचा आणि त्याची पिल्ले प्रवाहाविरुद्ध वर चढायची. धरणे झाली आणि ती वाट बंद पडली. आता गोंदियात झिंगा वाढवायचा तर बीज बहुतेक वेळा किनाऱ्यावरच्या हॅचरीतून आणावे लागते. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून, शेकडो किलोमीटरचा प्रवास करून ते तलावाच्या पाळीवर पोचते. पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवतात, आतले-बाहेरचे तापमान जुळले की तोंड सोडतात. काचेच्या कणांसारखी दिसणारी ती पिल्ले पाण्यात शिरली की परत काढता येत नाहीत. त्यांच्यासोबत काय आत गेले, ते डोळ्यांना दिसतही नाही.

काय जाऊ शकते, हे देशाने अनुभवले आहे. पांढऱ्या शेपटीचा रोग घ्या. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूतल्या हॅचऱ्यांत तो आढळला. पिल्लाचे पारदर्शक अंग शेपटीकडून दुधाळ होऊ लागते, ते खायचे थांबते आणि आठवडाभरात टाकीतली बहुतेक पिल्ले मरतात. पूर्ण वाढलेल्या झिंग्याला या रोगाचा विषाणू फारसा त्रास देत नाही. म्हणजे दिसायला धडधाकट मादी तो अंगात बाळगते आणि पुढच्या पिढीला देते. त्याच सुमारास हॅचऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या त्याच त्या वंशातल्या माद्या वापरल्या, वाण खचले, वाढ खुंटली. 2005-06 मध्ये देशात गोड्या पाण्यातल्या झिंग्याचे उत्पादन 42 हजार टनांच्या वर होते. 2009-10 मध्ये ते 7 हजार टनांच्याही खाली आले. इतका मोठा धंदा चार वर्षांत बसला.

त्याच 2009 मध्ये देशात व्हॅनामेई कोळंबीला परवानगी मिळाली आणि शेतकरी तिकडे वळला. तिच्यामागेही रोग आहेतच. 1994 साली पूर्व किनाऱ्यावर उतरलेला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आठवडा-दहा दिवसांत तळे रिकामे करतो. अलीकडे ईएचपी या सूक्ष्म परजीवीने आंध्रच्या शेतकऱ्याला जेरीस आणले आहे. तो कोळंबीला सहसा मारत नाही, वाढू देत नाही. खाद्याचे बिल रोज चढत राहते आणि जाळे ओढले की बोटाएवढीच कोळंबी हाती येते. त्यावर औषध नाही. तळे कोरडे करून, तळाशी भरपूर कळीचा चुना घालून बीजाणू मारावे लागतात.

हे खास कोळंबीसाठी खोदलेल्या तळ्यात जमते. मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावात कसे जमणार? कोहळी समाजाने शतकांपूर्वी बांधलेले हे तलाव पिण्याचे, सिंचनाचे, गुरांचे आणि मासेमारीचे पाणी एकाच वेळी धरतात. त्यांना चुना घालून निर्जंतुक करता येत नाही. पावसाळ्यात एका तलावाचा सांडवा दुसऱ्याला मिळतो, बोडीचे पाणी नाल्यात आणि नाला वैनगंगेच्या खोऱ्यात. शिवाय पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू फक्त कोळंबीपुरता थांबत नाही. खेकडे, गोड्या पाण्यातले झिंगे, सगळे दहा पायांचे जीव त्याच्या टप्प्यात येतात. ढीवर बाया छोट्या जाळीने काठाकाठाने धरतात ते बारीक झिंगे आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीत सापडणारे खेकडे यांना कोणी अनुदान दिलेले नाही, त्यांचा विमाही नाही. पण कित्येक घरांत कोरड्यास तेच असते. एकाने विकत आणलेला रोग सगळ्या गावाच्या ताटातला घास नेऊ शकतो, आणि त्या घासाची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होणार नाही.

किनाऱ्यावर निदान कायदा तरी आहे. 11 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोळंबी प्रकल्पांवर लगाम आला आणि 2005 च्या कायद्याने किनारी जलसंवर्धन प्राधिकरण उभे राहिले. त्याचा अंमल नावाप्रमाणेच किनाऱ्यापुरता. गोंदियाच्या बोडीत कोणी चोरीछुपे व्हॅनामेई सोडली तर ते प्राधिकरण इथे येणार नाही. ही जबाबदारी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची आहे.

झिंगा वाढत नाही म्हटले की दुकानदार औषधाची बाटली पुढे करतो, हा दुसरा धोका. खरे तर मोठ्या झिंग्यात एकाच वयाचे नर सारखे वाढतच नाहीत. निळ्या नांगीचे दांडगे नर जागा बळकावतात आणि दुबळे नर खुरटे राहतात. तो त्यांचा स्वभाव आहे, आजार नाही. मोठे झिंगे वेळोवेळी काढून विकले की मागचे वाढतात. हे न सांगता प्रतिजैविके खपवली जातात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवर बंदी आहे. त्यांचे अंश सापडल्यामुळेच युरोपीय संघाने 2016 मध्ये भारतीय कोळंबीची नमुना तपासणी 10 वरून 50 टक्क्यांवर नेली. विषाणूवर आणि ईएचपीवर तर प्रतिजैविकांचा उपयोग शून्य.

आणि धानावरच्या फवारणीचे काय? तुडतुडे, खोडकिडा यांवर मारलेली कीटकनाशके पावसासोबत बोडीत उतरतात. झिंगा कीटकांचाच दूरचा भाऊबंद. सायपरमेथ्रीनसारखे औषध मासा एखादवेळी सोसेल, झिंगा अत्यल्प मात्रेतही मरतो. त्या मरतुकीला रोग समजून पुन्हा औषध ओतले जाईल. ज्याच्या बोडीला चहूबाजूंनी बांध्या लागून आहेत, त्याला झिंग्याचे कर्ज देण्यापूर्वी बँकेने आणि विभागाने हे पाहायलाच हवे.

उपाय हाताबाहेरचे नाहीत. पीसीआर चाचणीने हे विषाणू आणि परजीवी बीजातच ओळखता येतात. नागपूरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय गोंदियापासून सुमारे 130 किलोमीटरवर आहे, तर वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था याच राज्यात आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने सुधारित वाणाचा झिंगा तयार केला आहे. 2013 पासून देशात जलचरांच्या रोगांवर पाळत ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात गोंदियाचे नमुने नियमित गेले पाहिजेत.

जिल्हा प्रशासनाने येत्या पावसाळ्याआधी लेखी आदेश काढावा. तपासणीचा दाखला नसलेले झिंग्याचे बीज जिल्ह्यातल्या कोणत्याही तलावात, बोडीत किंवा शेततळ्यात सोडायचे नाही. दाखला असला तरी बीज आधी काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवायचे आणि तिचे पाणी निर्जंतुक केल्याशिवाय नाल्यात सोडायचे नाही. व्हॅनामेईला मामा तलावांत पूर्ण बंदी. चाचणीचा खर्च अनुदानातच धरावा, कारण तो संस्थेच्या माथी मारला तर चाचणी होणारच नाही. मरतुक कळवणाऱ्या संस्थेचा ठेका धोक्यात येणार नाही, हेही त्या आदेशात स्पष्ट लिहावे. नाहीतर मेलेले झिंगे रातोरात पाळीखाली पुरले जातील आणि विभागाला रोगाची खबर लागेल तेव्हा तो चार तलाव पुढे गेलेला असेल.